झेनच्या आर्म बिल्डमध्ये एसव्हीई: क्यूईएमयूवर चालतं, पाय ४ वर गेस्ट उठत नाही. दोन वेगळ्या कॉन्फिग ठेवायच्या का?

वेर्णा_बोर्ड:

नमस्कार मंडळी. मी वेर्ण्याला एका छोट्या कंपनीत आहे. कारखान्याच्या लाइनवर बसवायचा एक कंट्रोलर आम्ही बनवतोय. एका गेस्टमध्ये मशीनशी बोलणारं लिनक्स, दुसऱ्या गेस्टमध्ये कॅमेऱ्याचे फोटो तपासणारं लिनक्स, दोघांच्या खाली झेन ४.१८ हा हायपरवायजर (एका मशीनवर अनेक गेस्ट, म्हणजे आभासी मशीनं, चालवणारा थर). प्रोटोटाइप रास्पबेरी पाय ४ मॉडेल बी वर चालू आहे. शेवटच्या बोर्डावर कॉर्टेक्स-ए७२० कोर असतील, पण तो अजून हातात यायचाय.

फोटो तपासणाऱ्या लायब्ररीला एसव्हीई (एका फटक्यात अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या आर्मच्या वेक्टर इन्स्ट्रक्शन) मिळालं तर वेग बराच वाढेल, म्हणून एआरएम६४_एसव्हीई हा झेनच्या बिल्डचा ऑप्शन आत्तापासूनच चालू ठेवायचं ठरलं. तेव्हापासून दोन गोष्टींनी डोकं खाल्लंय.

पहिली. आमच्या कॉन्फिग फ्रॅगमेंटमध्ये (आम्हाला हव्या त्या ऑप्शनची छोटी फाइल) एआरएम६४_एसव्हीई=वाय अशी ओळ आहे. सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर बिल्ड केलं की शेवटच्या डॉट-कॉन्फिगमध्ये ती दिसते. सीआय सर्व्हरवर (तिथे बिल्ड आपोआप होतं) तोच फ्रॅगमेंट, तीच ब्रँच, मेक ओल्डडेफकॉन्फिग (उरलेल्या ऑप्शनना डिफॉल्ट देणारी कमांड) विनातक्रार पूर्ण होतं आणि ओळ गायब! एरर नाही, साधी वॉर्निंगसुद्धा नाही.

दुसरी. लॅपटॉपवरची बायनरी क्यूईएमयू या एम्युलेटरवर छान चालते (व्हर्ट मशीन, व्हर्च्युअलायझेशन ऑन, सीपीयू मॅक्स). गेस्टच्या फाइलीत एसव्हीई="एचडब्ल्यू" लिहिलंय आणि आत प्रॉक-सीपीयूइन्फोमध्ये एसव्हीई दिसतं. तीच बायनरी पाय ४ वर टाकली की एक्सएल क्रिएट (गेस्ट तयार करणारी झेनची कमांड) म्हणतं, "एसव्हीई इज अनसपोर्टेड ऑन धिस मशीन." गेस्ट तयारच होत नाही.

पाय ४ च्या ए७२ मध्ये एसव्हीई नाही हे ठाऊक आहे. माझी अपेक्षा एवढीच की हार्डवेअरमध्ये नसेल तर झेननं ते बाजूला ठेवावं आणि गेस्ट साधेपणानं उठवावा. आमचे लीड म्हणतात की सरळ दोन कॉन्फिग करा, पायसाठी एक आणि नव्या बोर्डासाठी एक. मला ते पटत नाहीये, पण समोर ठेवायला मुद्दाही सापडत नाहीये. अनुभवी लोक काय करतात?

(फोनवरच्या देवनागरी कीबोर्डवरून लिहितोय, त्यामुळे ऑप्शनची नावं बोलतो तशीच लिहिली आहेत.)

इंद्रायणीकाठ:

दोन्ही त्रास एकाच ऑप्शनच्या नावानं आले, तरी मुळं वेगळी आहेत. सीआयवर जे झालं ते केकॉन्फिगनं (बिल्डचे ऑप्शन ठरवणाऱ्या यंत्रणेनं) केलं, बोर्डावर जे झालं ते झेननं. आधी सीआयचं बघू.

डॉट-कॉन्फिग उघडा आणि ती ओळ नेमकी कशी गायब आहे ते पाहा. "इज नॉट सेट" अशी कॉमेंट तरी आहे का, की नावच कुठे नाही? कॉमेंट असेल तर ऑप्शन केकॉन्फिगला दिसत होता आणि तो बंद राहिला. नावच नसेल तर ऑप्शन दिसतच नव्हता, आणि न दिसणाऱ्या ऑप्शनला तुम्ही काय किंमत दिलीत याकडे केकॉन्फिग ढुंकूनही बघत नाही. तुमच्या वर्णनावरून हे दुसरं झालंय. एआरएम६४_एसव्हीई मेनूत दिसायचं तर "अनसपोर्टेड" नावाचा वेगळा ऑप्शन चालू असावा लागतो, आणि त्याचं डिफॉल्ट "एक्सपर्ट" वरून येतं. सहकाऱ्यानं कधीतरी मेनूकॉन्फिगमध्ये एक्सपर्ट चालू केलेलं असणार आणि ते त्याच्या झाडात (सोर्स ट्रीमध्ये) तसंच राहिलं असणार. सीआय दर वेळी कोरं झाड घेतं, तिथे ते नाही. मेनूकॉन्फिगमध्ये तिरकी रेघ दाबून ऑप्शनचं नाव शोधा, तो कशावर अवलंबून आहे ते तिथेच लिहिलेलं सापडेल.

फ्रॅगमेंटमध्ये अनसपोर्टेड=वाय ही ओळ घातली की सीआय सुधारेल. पण तेवढ्यावर सोडू नका, कारण उद्या दुसऱ्या ऑप्शनचं हेच होणार. नावात एक अक्षर चुकलं तरी केकॉन्फिग असंच गप्प राहतं. ओल्डडेफकॉन्फिग झाल्यावर लगेच एक छोटी स्क्रिप्ट चालवा: फ्रॅगमेंटमधली प्रत्येक ओळ शेवटच्या डॉट-कॉन्फिगमध्ये जशीच्या तशी आहे का ते बघायचं, नसेल तर बिल्ड तिथेच पाडायचं. लिनक्स कर्नलच्या झाडात मर्ज_कॉन्फिग नावाची शेल स्क्रिप्ट आहे, ती मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष आलेली किंमत शेजारी-शेजारी छापते. तुमची त्याहून कडक असू द्या. वॉर्निंग सीआयच्या लॉगमध्ये कुणी वाचत नाही, लाल झालेलं बिल्ड सगळे वाचतात.

आता बोर्ड. तुमची अपेक्षा अशी की झेननं एसव्हीई गुपचूप बाजूला ठेवावं. मी म्हणेन की एक्सएलनं नकार दिला हे फार बरं झालं. तुम्ही गेस्टच्या फाइलीत एसव्हीई स्पष्ट मागितलं होतं. समजा झेननं ते गाळून गेस्ट उठवला असता आणि आतली लायब्ररी एसव्हीई धरून कंपाइल केलेली असती, तर पहिल्याच वेक्टर इन्स्ट्रक्शनला तुमचा प्रोग्रॅम इलीगल इन्स्ट्रक्शन म्हणून मेला असता. तोही बूटनंतर कधीतरी, पहिला फोटो आल्यावर. मग तुम्ही कॅमेऱ्याचा ड्रायव्हर तपासत बसला असता.

एकाच झेनमध्ये या एकाच ऑप्शनची तीन वेगळी वागणूक आहे, ती बघण्यासारखी आहे. झेन एसव्हीईशिवाय बिल्ड केलेलं असेल आणि कमांडलाइनवर डॉम० (बाकीचे गेस्ट सांभाळणारं पहिलं लिनक्स) साठी एसव्हीई मागितलंत, तर "कॉन्फिग बंद आहे, सेटिंग दुर्लक्षित करतोय" अशा अर्थाची एक ओळ छापून ते पुढे जातं. तेच डॉम०लेस पद्धतीनं (गेस्ट झेन स्वतःच बूटला उठवतं) डिव्हाइस ट्रीच्या (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन असलेल्या फाइलीच्या) नोडमध्ये मागितलंत, तर हायपरवायजर तिथेच पॅनिक करतं. आणि एक्सएलमधून मागितलंत तर टूल नकार देतं, बाकी यंत्रणा चालू राहते. तिन्हींतलं मला पहिलं सगळ्यात कमी आवडतं. कारखान्यातल्या डब्याची सिरियल केबल कुणी लावून बसलेलं नसतं, ती ओळ वाचणार कोण?

एक्सएलच्या त्या वाक्यात एक खोच आहे, तेवढी ध्यानात असू द्या. झेनमध्ये ऑप्शनच बिल्ड केलेला नसेल तरी तेच वाक्य येतं, "एसव्हीई इज अनसपोर्टेड ऑन धिस मशीन". म्हणजे उद्या नवा ए७२० बोर्ड आला, सीआयनं एसव्हीई नसलेली बायनरी दिली, तर संदेश मशीनला दोष देईल आणि दोष बिल्डचा असेल. खात्री करायची तर एक्सएल डीमेसेगमध्ये (झेनच्या लॉगमध्ये) वरच्या बाजूला "प्रोसेसर फीचर्स" ही ओळ शोधा. पाय ४ वर तिथला पहिला आकडा ००००००००००००२२२२ असा दिसेल. उजवीकडून नववा अंक एसव्हीईचा. तो शून्य असेल तर चिपमध्येच नाही, विषय संपला. शून्य नसेल आणि एक्सएल तरीही नाही म्हणत असेल, तर बिल्ड तपासा.

आता दोन कॉन्फिगचा मुद्दा. एखादं फीचर नसल्यानं आपलं काय जातं हे आधी ठरवा, मग ते कुठे हाताळायचं हे आपोआप ठरतं.

काही गोष्टी नसतील तर झेन उभंच राहू शकत नाही. रास्पबेरी पाय ३ घ्या. त्याच्या ए५३ कोरमध्ये ईएल२ आहे, म्हणजे कोरच्या बाजूनं व्हर्च्युअलायझेशनची सोय आहे. पण त्या चिपमध्ये आर्मचा जीआयसी हा इंटरप्ट कंट्रोलर नाही, ब्रॉडकॉमचा स्वतःचा आहे. झेनला गेस्टचे इंटरप्ट चालवायला जीआयसी लागतोच. तिथे कोणताही ऑप्शन फिरवून उपयोग नाही. पाय ४ मध्ये जीआयसी-४०० आला आणि झेनची वाट मोकळी झाली.

काही गोष्टी नसतील तर फक्त वेग जातो. एसव्हीई त्यातलं. अशा फीचरसाठी दोन बिल्ड करणं मला उधळपट्टी वाटते. कोड दोन्ही बोर्डांच्या बायनरीत असू द्या, आहे की नाही हे बूटच्या वेळी चिपलाच विचारू द्या. झेन स्वतः बाकी ठिकाणी तसंच करतं. तुमच्या बायनरीत जीआयसीच्या जुन्या आणि नव्या दोन्ही आवृत्त्यांचे ड्रायव्हर आहेत, कोणता घ्यायचा ते डिव्हाइस ट्री बघून ठरतं. पाय ४ चं खास ज्ञानही असंच ठेवलंय. प्लॅटफॉर्मच्या फोल्डरमध्ये रास्पबेरीची एक छोटी फाइल आहे. त्या चिपवरची काही डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत वाचणं-लिहिणं) करणारी उपकरणं पहिल्या १ जीबीच्या पलीकडे पोचत नाहीत, म्हणून तिथे डीएमएची रुंदी ३० बिट लिहिली आहे. शिवाय सिरियल पोर्टच्याच पानात रजिस्टर असलेली काही उपकरणं डॉम० पासून लपवली आहेत. हे सगळं प्रत्येक बिल्डमध्ये असतं आणि डिव्हाइस ट्रीमध्ये पाय ४ चं नाव दिसलं तरच लागू होतं. बोर्डनिहाय इफडेफ (बिल्डच्या वेळी कोड आत घेणारी किंवा गाळणारी अट) कुठेच लागत नाही.

तुमच्या बाबतीत जे वेगळं असायला हवं ते गेस्टच्या फाइलीत. डॉम० बूट झाल्यावर एक स्क्रिप्ट ती फीचर्सची ओळ बघेल, एसव्हीई असेल तर एक गेस्ट फाइल, नसेल तर दुसरी. दोन फाइलींत एका ओळीचा फरक. आणि गेस्टच्या आतली लायब्ररी एचडब्ल्यूकॅप (कर्नलनं कळवलेली प्रोसेसरची फीचर्स) बघून साधा किंवा एसव्हीईचा मार्ग निवडेल अशी बांधा. पूर्ण इमेज एसव्हीई धरून कंपाइल केलीत तर बाकीची सगळी मेहनत वाया जाईल.

तिसरी जात धोक्याची: नसलं तरी सगळं चालतं आणि संरक्षण मात्र गेलेलं असतं. त्याबद्दल एक विचारते. पाय ४ वर कुठलं उपकरण थेट गेस्टला दिलंय का तुम्ही?

चुनाभट्टी_लोकल:

मी एक्स८६ वाला आहे, आर्ममध्ये फारसं कळत नाही. पण ओळ गायब होण्याचा अजून एक मार्ग सांगतो, कारण त्यानं आमचा बराच वेळ खाल्ला होता.

झेनमध्ये सीईटीच्या शॅडो स्टॅकचा (रिटर्न पत्त्यांशी केलेली छेडछाड पकडणारं प्रोसेसरचं संरक्षण) ऑप्शन आहे. तो दिसण्यासाठी केकॉन्फिग प्रत्यक्ष असेम्बलरला दोन इन्स्ट्रक्शन भरवून बघतं, जमल्या तरच ऑप्शन हजर. असेम्बलर ज्यात येतो ते बिनयुटिल्स २.२९ किंवा वरचं लागतं. आमचं बिल्ड जुन्या सेंटओएस ७ च्या कंटेनरमध्ये व्हायचं, तिथे बिनयुटिल्स २.२७. डेव्हलपरच्या नव्या डेबियनवर ऑप्शन आपोआप चालू, कंटेनरमध्ये आपोआप नाहीसा. सीपीयू तोच, झेन तेच, फ्रॅगमेंटला कुणी हातही लावलेला नाही. सर्व्हरमध्ये शॅडो स्टॅकची सोय असलेले प्रोसेसर होते आणि आम्ही ते रिकामे चालवत होतो.

तेव्हापासून शेवटचं डॉट-कॉन्फिग आम्ही बायनरीसोबत आर्टिफॅक्ट म्हणून ठेवतो आणि मागच्या रिलीजशी डिफ काढतो. ताईंनी सांगितलेली स्क्रिप्ट फ्रॅगमेंटमध्ये लिहिलेल्या ओळी पकडेल. डिफॉल्टनं चालू असणारे ऑप्शन फ्रॅगमेंटमध्ये कुणी लिहीत नाही, ते गेले तर डिफमध्येच दिसतात.

वेर्णा_बोर्डना एक शंका: एसव्हीईसाठी पण नवा कंपायलर लागतो का?

इंद्रायणीकाठ:

डिफची सवय फार चांगली, दोन्ही हवं.

झेनच्या एसव्हीईला नवा कंपायलर लागत नाही. लिनक्समधून घेतलेल्या मॅक्रोत इन्स्ट्रक्शन थेट आकड्यांत लिहिल्या आहेत, त्यामुळे असेम्बलरला एसव्हीई समजत नसलं तरी बिल्ड होतं. म्हणून इथे टूलचेनची चाचणीच नाही. बिल्ड यशस्वी होणं हा हार्डवेअरबद्दलचा कसलाच पुरावा नाही हे इथे अगदी उघड दिसतं.

नेकारकाठ:

श्टुटगार्टहून लिहितोय, गाड्यांच्या कंट्रोलरवर काम करतो. इंद्रायणीकाठ यांच्याशी थोडा मतभेद आहे.

आमच्याकडे फंक्शनल सेफ्टीचं प्रमाणपत्र लागतं. बायनरीत जो कोड आहे त्या प्रत्येक ओळीचा हिशोब द्यावा लागतो: गरज कुठली, चाचणी कुठली, कव्हरेज किती. पाय ४ सारख्या बोर्डावर एसव्हीईचा कोड कधीच चालणार नसेल तर तो बायनरीत का आहे याचं उत्तर लेखी द्यावं लागेल. त्यापेक्षा ऑप्शन बंद करून दोन बिल्ड ठेवणं स्वस्त पडतं. शिवाय एसव्हीई चालू करायचं म्हणजे अनसपोर्टेड चालू करायचं, आणि एकदा ते दार उघडलं की आत काय-काय येऊ शकतं यावर लक्ष ठेवावं लागतं. त्यामुळे लीडचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही.

दुसरं, नव्या बोर्डाबद्दल. ए७२० सोबत बहुतेक वेळा लहान कोरही असतात. झेन आर्मवर बूटच्या कोरशी ज्यांचा एमआयडीआर (कोरच्या मॉडेलची ओळख सांगणारा आकडा) जुळत नाही ते कोर बंद ठेवतं आणि लॉगमध्ये बिग-लिटलचं डॉक्युमेंट वाचा असं सांगतं. ते तरीही चालू करायला एचएमपी-अनसेफ नावाचा कमांडलाइन पर्याय आहे, नावावरूनच समजून घ्या. बोर्ड आला की सगळ्यात आधी एक्सएल इन्फोमध्ये कोर मोजा. आठ कोरांचे पैसे देऊन चारवर चालवणारी टीम मी पाहिली आहे, आणि कितीतरी आठवडे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

इंद्रायणीकाठ:

नेकारकाठ, सेफ्टीच्या प्रमाणपत्राबद्दल तुमचं म्हणणं मान्य आहे. तिथे न वापरलेला कोड हा खर्चच असतो आणि तिथे मीही दोन बिल्ड करेन. वेर्णा_बोर्ड यांच्या डब्याला असं प्रमाणपत्र लागतंय का ते त्यांनी सांगावं. लागत नसेल तर दोन बिल्ड म्हणजे चाचण्या दुप्पट, आणि प्रत्यक्षात होतं असं की कमी वापरातल्या बिल्डकडे कुणी बघत नाही.

अनसपोर्टेडबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण हा शब्द वाचून लोक दोन टोकांना जातात. हा ऑप्शन हार्डवेअरबद्दल काहीच सांगत नाही. झेन प्रकल्पानं ज्या फीचरची सुरक्षेची हमी घेतलेली नाही, त्यातली काही त्याच्या मागे ठेवलेली आहेत: प्रायोगिक आणि टेक प्रिव्ह्यू दोन्ही. कोणतं फीचर कुठल्या दर्जाचं ते झाडाच्या मुळाशी असलेल्या सपोर्ट डॉट एमडी फाइलीत लिहिलंय. एसव्हीई ४.१८ मध्ये, नोव्हेंबर २०२३ ला, टेक प्रिव्ह्यू म्हणून आलं. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की त्यात भोक सापडलं तर त्यासाठी एक्सएसए (झेनची सुरक्षा-सूचना) निघेल आणि तुम्हाला रीतसर कळवलं जाईल असं धरून चालता येत नाही. कारखान्यात पाच-सात वर्षं राहणाऱ्या वस्तूसाठी हा निर्णय कंपनीनं विचारपूर्वक घ्यायला हवा, सीआयच्या फ्रॅगमेंटमधून तो परस्पर होऊन जाता कामा नये. आणि उलटही ध्यानात ठेवा: एखादा ऑप्शन अनसपोर्टेडवर अवलंबून नाही, म्हणून तो सपोर्टेड आहेच असं नव्हे. केकॉन्फिगच्या मदत-मजकुरातच हे स्पष्ट लिहून ठेवलंय.

वेर्णा_बोर्ड:

सगळ्यांचे मनापासून आभार. करून पाहिलं ते सांगतो.

सीआयच्या डॉट-कॉन्फिगमध्ये "इज नॉट सेट" नव्हतं, नावच नव्हतं. सहकाऱ्याच्या झाडात एक्सपर्ट चालू निघालं. फ्रॅगमेंटमध्ये अनसपोर्टेड घातलं, ताईंनी सांगितलेली तपासणी लावली, आणि तिनं लगेच अजून एक ओळ पकडली: स्टॅटिक मेमरीचा ऑप्शन. तोही अनसपोर्टेडमागेच होता. आम्ही इतके दिवस धरून चाललो होतो की तो चालू आहे!

पाय ४ च्या लॉगमध्ये ००००००००००००२२२२ हेच दिसलं. गेस्टच्या दोन फाइली केल्या, साधा गेस्ट पाय ४ वर उठतो. प्रमाणपत्र आम्हाला लागत नाही, त्यामुळे लीड एका बिल्डवर तयार झाले. लायब्ररीत एचडब्ल्यूकॅप बघण्याचं काम चालू आहे.

सीआयमध्ये आता क्यूईएमयूच्या दोन फेऱ्या लावायच्या म्हणतोय, एक सीपीयू मॅक्स आणि एक कॉर्टेक्स-ए७२. बरोबर आहे ना?

आणि हो, ताईंच्या प्रश्नाचं उत्तर: आहे. कंट्रोलच्या गेस्टला इथरनेट थेट द्यायचंय. सहकाऱ्यानं त्यासाठी डिव्हाइस ट्रीमध्ये "झेन, फोर्स-असाइन-विदाउट-आयओएमएमयू" ही प्रॉपर्टी घातली आहे. त्याशिवाय झेन घेत नव्हतं.

इंद्रायणीकाठ:

क्यूईएमयूच्या दोन फेऱ्या अगदी बरोबर. ए७२ च्या फेरीत जीआयसीची आवृत्ती २ द्या, म्हणजे पाय ४ च्या जवळ जाल. मॅक्सच्या फेरीत एक बदल करा. मॅक्स सीपीयूत वेक्टरची लांबी २०४८ बिटांपर्यंत जाते, आणि "एचडब्ल्यू" म्हटलं की गेस्टला ती सगळी मिळते. ए७२० मध्ये १२८ बिट आहेत. लायब्ररीत कुणी लांबी गृहीत धरली असेल तर ती चूक २०४८ वर लपेल आणि बोर्डावर उघडी पडेल. गेस्टच्या फाइलीत एसव्हीई="१२८" लिहून चाचणी करा. २०४८ बिटांत एका व्हीसीपीयूची (गेस्टच्या आभासी प्रोसेसरची) नुसती झेड, म्हणजे वेक्टर, रजिस्टरं ८१९२ बाइट होतात, १२८ मध्ये ५१२. गेस्ट बदलताना ती सगळी साठवायची-काढायची असतात, त्यामुळे क्यूईएमयूवरच्या वेळेच्या आकड्यांवर कुठलाही निष्कर्ष काढू नका.

आता इथरनेट. मला याचीच भीती होती.

पाय ४ मध्ये एसएमएमयू (आर्मचं आयओएमएमयू, उपकरणांच्या डीएमएवर लगाम ठेवणारं हार्डवेअर) नाही. गेस्टला दिलेलं उपकरण डीएमए करतं तेव्हा ते कुठल्या पत्त्यावर लिहितंय हे अडवणारं कुणीही मध्ये नाही. गेस्टला त्याची मेमरी ज्या पत्त्यांवर आहे असं वाटतं आणि ती खरोखर जिथे आहे, ते पत्ते वेगळे असतात. गेस्टमधला ड्रायव्हर इथरनेटला आपल्या समजुतीतला पत्ता देणार, आणि इथरनेट खऱ्या मेमरीत त्या पत्त्यावर लिहिणार. तिथे दुसऱ्या गेस्टचं पान असेल, किंवा झेनचं स्वतःचं. डायरेक्ट-मॅप वापरून दोन्ही पत्ते एकच केलेत तर नेटवर्क चालू होईल, पण गेस्टमधला ड्रायव्हर बिघडला किंवा कुणी आत शिरलं तर सगळी मेमरी त्याच्या हातात. ती प्रॉपर्टी ज्या डॉक्युमेंटमध्ये आहे तिथे लिहिलंय की उपकरण डीएमए करणारं असेल तर तुमचा प्लॅटफॉर्म असुरक्षित होतो. झेननं नकार दिला होता तो याचसाठी.

यात बिल्डची कॉन्फिग काहीही मदत करत नाही. एसएमएमयूचा ड्रायव्हर तुमच्या बायनरीत आहे, ऑप्शन चालू दिसतो, आणि बोर्डावर चालवायला हार्डवेअरच नाही. लॉगमध्ये "आय-ओ व्हर्च्युअलायझेशन डिसेबल्ड" एवढी एक ओळ येते आणि सगळं पुढे चालू राहतं. प्रॉडक्शनच्या कमांडलाइनमध्ये आयओएमएमयू=रिक्वायर्ड घाला. मग आयओएमएमयू सुरू झालं नाही तर झेन बूटच होणार नाही, पॅनिक करेल. नव्या बोर्डासाठी ही ओळ आजच लिहून ठेवा.

पाय ४ वर ती प्रॉपर्टी काढून टाका आणि इथरनेट डॉम० कडेच राहू द्या, गेस्टला नेटफ्रंट-नेटबॅकमधून (झेनच्या आभासी नेटवर्क ड्रायव्हरमधून) नेटवर्क द्या. प्रोटोटाइपला तेवढा वेग पुरतो. प्रॉपर्टी फाइलीत राहिली तर कॉपी-पेस्ट होत नव्या बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीतही जाईल. तिथे एखादं उपकरण एसएमएमयूच्या मागे जोडलेलं नसेल तर झेन नकार द्यायच्या ऐवजी ते तसंच देऊन टाकेल, आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही.

नवा बोर्ड निवडताना विक्रेत्याला लेखी विचारा: इथरनेट आणि कॅमेऱ्याचा इंटरफेस, दोन्ही एसएमएमयूच्या मागे आहेत का, आणि कुठल्या आवृत्तीच्या. एसएमएमयूव्ही३ असेल तर त्याचा ड्रायव्हर ४.१८ मध्ये टेक प्रिव्ह्यू आहे आणि मेनूत एक्सपर्टमागे आहे. तुमची तपासणीची स्क्रिप्ट तिथे पुन्हा कामाला येईल. एसव्हीई न मिळालं तर फोटो थोडे हळू तपासले जातील, ते तुम्ही सोसू शकता. हे मात्र बोर्डाची ऑर्डर जायच्या आधी कळायला हवं.

वेर्णा_बोर्ड:

प्रॉपर्टी काढली, इथरनेट डॉम० कडे परत दिलं. विक्रेत्याला मेल आत्ताच गेला, एसएमएमयूचा प्रश्न त्यात सगळ्यात वर आहे. उत्तर आलं की इथेच टाकतो. क्यूईएमयूची ए७२ ची फेरी आज रात्रीपासून लावली आहे.